ऑनर्स कॉलेजच्या पत्रातले १५,००० डॉलर कुठल्या थैलीतून येतात?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही न्यू जर्सीत राहता, मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, इंजिनिअरिंगला जायचंय. दुसऱ्या राज्यातल्या एका सरकारी विद्यापीठाच्या ऑनर्स कॉलेजचं पत्र आलंय: प्रवेश, आणि वर्षाला १५,००० डॉलरची स्कॉलरशिप. घरच्या राज्यातही ऑनर्समध्ये प्रवेश मिळालाय, पण तिथे पैसे नाहीत. तुमचं अजून ग्रीन कार्ड झालेलं नाही, मुलगी एच-४ वर, म्हणजे पालकांच्या नोकरीच्या व्हिसामुळे मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर, आहे. हे पैसे का देतात, मुलं कशी निवडतात, रक्कम वाढवून मागता येते का, घरचं ऑनर्स घ्यावं की बाहेरचं, आणि पुण्यात अकरावीत असलेल्या भाच्याला अशी संधी आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या एका सरकारी विद्यापीठात ऑनर्सच्या प्रवेशाचं आणि स्कॉलरशिप समितीचं काम बरीच वर्षं करते आहे. माझ्या विद्यापीठाचं नाव घेत नाही, कारण आतल्या कामाबद्दल मोकळेपणी लिहायचंय.

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्याकडे ‘ऑनर्स’ म्हटलं की पदवीचा प्रकार डोळ्यांसमोर येतो. दिल्ली विद्यापीठाचं बी.ए. ऑनर्स, किंवा नव्या शैक्षणिक धोरणातली चार वर्षांची ऑनर्स पदवी. अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठातलं ऑनर्स कॉलेज म्हणजे मोठ्या घरातलं छोटं बिऱ्हाड. मुलगी इंजिनिअरिंगची पदवी इंजिनिअरिंग विभागाकडूनच घेणार, पण राहण्याची इमारत, काही लहान वर्ग, स्वतंत्र सल्लागार, विषय आधी निवडायची मुभा आणि शेवटी प्रबंध, एवढं ऑनर्स कॉलेजकडून मिळणार. ही कल्पना मुळात खाजगी कॉलेजातली. फ्रँक एडलॉट हे ऱ्होड्स स्कॉलर म्हणून ऑक्सफर्डला शिकून आले आणि १९२२ मध्ये त्यांनी स्वार्थमोर कॉलेजात ऑनर्सचा अभ्यासक्रम सुरू केला. १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक उपग्रह उडाल्यावर ‘आपली हुशार मुलं मागे पडतायत’ अशी धास्ती देशभर पसरली आणि सरकारी विद्यापीठांनी ही कल्पना उचलून धरली. ओरेगन विद्यापीठाचं क्लार्क ऑनर्स कॉलेज १९६० चं आहे.

आता पैशाकडे येते, कारण खरा घोळ तिथेच होतो. पालक पत्रातला आकडा वाचतात आणि तो मुलीच्या हुशारीचा भाव आहे असं धरून चालतात. शेजारच्या मुलाला २०,००० मिळाले आणि आपल्या मुलीला १५,०००, म्हणजे आपली पाच हजारांनी कमी, असं घरात बोललंही जातं. मुलांच्या मनाला ते लागतं, आणि ते खरं नसतं. रक्कम ठरते ती विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या गरजेवरून आणि ती कुठल्या थैलीतून येते त्यावरून. थैली कळली की उरलेल्या प्रश्नांची उत्तरंही बरीचशी मिळतात: पैसे चार वर्षं टिकतील का, वाढवून मिळतील का, अटी किती कडक असतील.

सगळ्यात मोठी थैली ही खरं तर थैलीच नाही. ती फीमधली सूट आहे. समजा एखाद्या विद्यापीठात राज्यातल्या मुलांची ट्यूशन फी १२,००० डॉलर आहे आणि बाहेरच्यांची ३६,०००. बाहेरच्या मुलीला १५,००० ची ‘स्कॉलरशिप’ दिली तरी ती २१,००० भरते, म्हणजे राज्यातल्या मुलापेक्षा ९,००० जास्तच. कुणाच्या खिशातून १५,००० निघालेले नाहीत. वर्गातली जागा भरली, गुणांची सरासरी वाढली आणि तिजोरीतही भर पडली. २००८ च्या मंदीनंतर बहुतेक राज्यांनी विद्यापीठांच्या अनुदानाला कात्री लावली, तेव्हापासून बाहेरच्या मुलांना असं बोलावणं कितीतरी विद्यापीठांच्या अर्थसंकल्पाचा कणा बनलं आहे. अलाबामा विद्यापीठाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. हायस्कूलचा जीपीए (गुणांची सरासरी, सहसा ४ पैकी) आणि चाचणीचे गुण यांचा तक्ता ते उघड छापत आले आहेत, आकडा गाठला की स्कॉलरशिप आपोआप लागू होते, आणि आज तिथले निम्म्याहून अधिक पदवी विद्यार्थी इतर राज्यांतले आहेत.

यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. सूट खरी असते, घरच्या बजेटमध्ये ती खरीच वाचते. पण सूट देणारा माणूस आणि बक्षीस देणारा माणूस यांच्याशी बोलायची रीत वेगळी असते. तुमचं पत्र जसं तुम्ही लिहिलंय, त्यावरून मला हे फीतल्या सुटीचंच प्रकरण वाटतं: रकमेला दात्याचं नाव नाही, मुलाखत झालेली नाही, प्रवेशाच्या पत्रातच आकडा आला.

दुसरी थैली दात्यांची. पेन स्टेटचं श्रायर ऑनर्स कॉलेज १९९७ मध्ये उभं राहिलं ते मेरिल लिंचचे माजी प्रमुख विल्यम श्रायर आणि त्यांच्या पत्नी जोन यांच्या ३ कोटी डॉलरच्या देणगीवर. ॲरिझोना स्टेटच्या ऑनर्स कॉलेजला २००० मध्ये इंटेलचे क्रेग बॅरेट आणि बार्बरा बॅरेट यांनी १ कोटी दिले आणि ते बॅरेट कॉलेज झालं. न्यूयॉर्क शहराच्या सिटी युनिव्हर्सिटीचं ऑनर्स कॉलेज २००१ चं. २००६ मध्ये मॅकॉली दांपत्याने ३ कोटी दिल्यावर त्याला मॅकॉली हे नाव मिळालं.

हे आकडे ऐकून वाटतं की पैशाचा महापूर आहे. पण देणगी खर्चून टाकत नाहीत, ती कायम निधीत जाते आणि दरवर्षी साधारण ४ ते ५ टक्केच वापरायला मिळतात. साडेचार टक्के धरले तर ३ कोटींवर वर्षाला साडेतेरा लाख डॉलर सुटतात. हजार मुलांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला १,३५०. म्हणून ज्यात फी, राहणं, जेवण सगळं येतं अशा मोठ्या स्कॉलरशिप मोजक्याच असतात. त्यांच्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी मुलाखत, वेगळी समिती असते. जॉर्जिया विद्यापीठाची फाउंडेशन फेलोशिप १९७२ पासून आहे. नॉर्थ कॅरोलायनाची मोरहेड-केन १९४५ मध्ये स्थापन झाली, ती तर ऑनर्स कॉलेजपासून स्वतंत्र आहे. टेक्सस विद्यापीठाच्या डॅलस शाखेतली मॅकडरमॉट स्कॉलरशिप मार्गारेट मॅकडरमॉट यांनी २००० मध्ये दिलेल्या ३.२ कोटींमधून सुरू झाली. दात्याच्या पैशाला अटी चिकटलेल्या असतात: अमुक जिल्ह्यातली मुलगी, अमुक विषय, घरातली पहिलीच पदवीधर. दरवर्षी जूनमध्ये आमच्या फायलींत अशा काही रकमा पडून असतात, कारण अटीत बसणारं कुणी सापडलेलं नसतं. मला याचं फार वाईट वाटतं. पात्र मुलं तिथेच कॅम्पसवर असतात, त्यांनी फक्त तो फॉर्म भरलेला नसतो.

तिसरी थैली राज्याची. जॉर्जियाने १९९३ मध्ये लॉटरीच्या पैशातून होप स्कॉलरशिप सुरू केली. हेतू स्पष्ट होता: राज्यातली हुशार मुलं बाहेर जाऊ नयेत. तो पुष्कळ साधलाही. घरीच जवळपास मोफत शिकायला मिळत असेल तर दूर कशाला जायचं, असा विचार केलेली मुलं अथेन्स गावातल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या ऑनर्स कॉलेजात भरली आणि विद्यापीठाचा दर्जा वीस वर्षांत डोळ्यांदेखत चढला. पण मुलं वाढली, फी वाढली आणि लॉटरीचा पैसा पुरेना. २०११ मध्ये होपची रक्कम कमी करावी लागली आणि पूर्ण फी फक्त वरच्या फळीला, झेल मिलर स्कॉलरशिपच्या नावाने, देण्यात आली. राज्याचा पैसा विधिमंडळाच्या एका ठरावाने बदलतो. तुमच्या मुलीला ही थैली लागू नाही, म्हणून इथेच थांबते.

मुलं शोधतात कशी, याबद्दलही पालकांना कमी माहिती असते. तुमच्या पेटीत दीड वर्षापूर्वी रंगीत पत्रकांचा जो ढीग पडायला लागला, तो योगायोग नव्हता. मुलीने पीएसएटीच्या (एसएटी या प्रवेश परीक्षेआधीच्या सराव परीक्षेच्या) सुमारास कुठेतरी ‘माझी माहिती कॉलेजांना द्या’ याला होकार दिला असणार. ही परीक्षा घेणारं कॉलेज बोर्ड ही नावं विद्यापीठांना विकत आलं आहे. २०१९ च्या सुमारास एका नावाला ४७ सेंट पडत. आम्ही नावं मागवताना गुणांची पट्टी, पिन कोड, आवडीचा विषय अशा चाळण्या लावायचो. त्या ढिगातलं एखादं ‘तुझी खास निवड झाली आहे’ छापाचं पत्रक म्हणजे निवड नव्हे, ते फक्त आमंत्रण असतं.

याच परीक्षेवर नॅशनल मेरिट ही देशभरातली गुणवत्ता स्कॉलरशिप चालते. अकरावीच्या ऑक्टोबरात पीएसएटी देणाऱ्या दहा लाखांहून अधिक मुलांतून सुमारे १६,००० उपांत्य फेरीत जातात आणि त्यांतले सुमारे १५,००० अंतिम यादीत येतात. मूळ संस्थेचं बक्षीस एकदाच मिळणारे २,५०० डॉलर. खरी मोठी रक्कम काही सरकारी विद्यापीठं वरून घालतात, कारण नॅशनल मेरिटवाल्यांचा आकडा त्यांना जाहिरातीत मिरवता येतो. मात्र मुलाने ठरलेल्या तारखेपर्यंत ते विद्यापीठ ‘पहिली पसंती’ म्हणून संस्थेकडे नोंदवावं लागतं. कटऑफ राज्यागणिक वेगळा असतो आणि न्यू जर्सीचा देशात सगळ्यांत वरच्यांपैकी एक. तुमच्या मुलीइतकेच गुण मिळवणारी मुलगी दुसऱ्या राज्यात असती तर यादीत आली असती, असं न्यू जर्सीत सर्रास घडतं. शिवाय पूर्वी त्यासाठी अमेरिकेचं नागरिकत्व किंवा कायम वास्तव्य, निदान त्यासाठी दाखल केलेला अर्ज, लागायचा. एच-४ वरच्या कितीतरी मराठी मुलांची ही वाट तिथेच बंद व्हायची. अमेरिकेतल्या हायस्कूलात शिकणाऱ्या मुलांना ही अट आता नाही. राज्यागणिक कटऑफची गोष्ट ठाऊक नसली की मुलं उगाच स्वतःला दोष देत बसतात.

निवड कशी होते, तेही सांगते. सुटीच्या थैलीतल्या रकमा बहुतेक ठिकाणी संगणकच तक्त्यावरून काढतो, माणूस फाईल उघडतच नाही. ऑनर्सच्या प्रवेशासाठी मात्र माणसं वाचतात. श्रायर कॉलेज तर एसएटीचे गुण बघतच नाही, निबंध आणि शाळेतली कामगिरी बघतं. बॅरेटमध्ये ७,००० हून अधिक विद्यार्थी आहेत आणि श्रायरमध्ये दरवर्षी सुमारे ३०० नवे, त्यामुळे ‘ऑनर्समध्ये घेतलं’ या वाक्याचा अर्थ दोन्हीकडे सारखा नाही.

आमच्याकडच्या मोठ्या स्कॉलरशिपच्या मुलाखतींतला एक मुलगा मला आजही आठवतो. लहान शेतकरी गावातला. अर्जात उपक्रमांच्या दहा ओळी असतात, त्याने तीनच भरल्या होत्या. त्यातली एक होती: शेजाऱ्यांच्या विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट दर पंधरवड्याला मोजणं, दोन वर्षं. मुलाखतीला तो वही घेऊन आला होता, निळ्या पुठ्ठ्याची, कडा पाण्याने फुगलेल्या. समितीतल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी विचारलं, “यातली सगळ्यात चुकलेली नोंद कुठली?” त्याने पानं उलटली आणि एका ऑगस्टच्या नोंदीवर बोट ठेवलं. म्हणाला, “पट्टीचा डबा रात्रभर गाडीत राहिला होता, उन्हाने पट्ट्या खराब झाल्या. तीन विहिरींचे आकडे मी तसेच लिहिले. पुढच्या वेळी लक्षात आलं, पण खोडले नाहीत, बाजूला लिहून ठेवलं.” त्याच दिवशी आमच्यापुढे चौदा-पंधरा उपक्रम असलेली मुलंही होती, कष्टाळू, गुणी. पण त्यांना ‘कुठे चुकलात’ असं विचारल्यावर जी उत्तरं आली ती पाठ केलेली होती. त्या मुलाला स्कॉलरशिप मिळाली. पालकांनी मुलांचे उपक्रम वाढवत बसू नये असं मी कळकळीने सांगते ते यासाठी. एकच गोष्ट दोन वर्षं केलेली असली की मुलाखतीत ती आपसूक दिसते.

मुलाखतीच्या शनिवार-रविवारीही समितीचं लक्ष फक्त उत्तरांकडे नसतं. इतर उमेदवारांबरोबर जेवताना मुलगी कशी बोलते, जिंकायला आलीय की शिकायला आलीय, हे दिसतं. मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेने हे फार चांगलं ओळखलं. तिथे १९८८ मध्ये रॉबर्ट आणि जेन मायरहॉफ यांच्या ५ लाख डॉलरवर, फ्रीमन ह्रॅबोव्स्की यांच्या पुढाकाराने, मायरहॉफ स्कॉलर्स सुरू झालं. उद्देश होता विज्ञानात कृष्णवर्णीय संशोधक घडवण्याचा, नंतर ते सगळ्यांना खुलं झालं. पैशाबरोबर त्यांनी गट दिला: पहिल्या सत्राआधी उन्हाळ्यात सगळ्यांनी एकत्र राहून अभ्यास करायचा, एकाला गणित अडलं तर दुसऱ्याने थांबायचं, लवकर प्रयोगशाळेत जायचं. तिथून पीएच.डी.ला गेलेल्या मुलांचा ओघ बघून पेन स्टेट आणि नॉर्थ कॅरोलायनाने तसेच कार्यक्रम काढले. माझ्या कामात मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते या एका उदाहरणाने. पैसा मुलाला दारापर्यंत आणतो, पण पुढे त्याचं काय होतं ते आत कोण भेटतं यावर ठरतं.

आता तुमचं पत्र. ते पुन्हा हातात घ्या आणि रकमेखालची बारीक अक्षरं वाचा.

रक्कम डॉलरमध्ये बांधलेली आहे की फीच्या टक्क्यांत? बहुतेक ठिकाणी ती बांधलेली असते आणि फी मात्र वाढत जाते. वरचंच उदाहरण घेऊ. पहिल्या वर्षी ३६,०००, दरवर्षी ४ टक्के वाढ धरली तर चौथ्या वर्षी सुमारे ४०,५००. चार वर्षांची फी १,४४,००० होईल असं आपण मनात धरतो, ती होते सुमारे १,५३,०००. स्कॉलरशिप ६०,००० च राहते. म्हणजे जवळजवळ ९,००० चा खड्डा कुठल्याच पत्रात लिहिलेला नसतो. शिवाय राहणं-जेवण वेगळं, आणि काही ऑनर्स कॉलेजं स्वतःची वेगळी फी घेतात, ती फक्त संकेतस्थळावरच्या कोपऱ्यात सापडते.

दुसरं, ती टिकवायला जीपीए किती लागतो? कुठे ३.०, कुठे ३.५. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी कॅल्क्युलस आणि फिजिक्स एकत्र आले की भल्याभल्यांचा जीपीए ३.२ वर येतो. ३.५ ची अट असलेले १५,००० मला ३.० ची अट असलेल्या ११,००० पेक्षा कमी भरवशाचे वाटतात. एका सत्रात घसरलं तर सावरायला एक सत्र मिळतं का, तेही विचारा. आणि किती सत्रं? बरेचदा सलग आठ. मुलगी कंपनीत सहा महिने को-ऑपला, म्हणजे शिक्षणाचा भाग म्हणून पगारी कामाला, गेली तर ते सत्र मोजलं जातं की बाजूला ठेवलं जातं, हे लेखी घ्या. फोनवरचं उत्तर दोन वर्षांनी कुणाला आठवत नाही, आणि तोवर फोन उचलणारा माणूसही बदललेला असतो.

तिसरं तुमच्यासाठी फार महत्त्वाचं. मुलगी एच-४ वर आहे, एकवीस वर्षं पूर्ण झाली की तो दर्जा संपतो आणि तिला बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागेल. पत्रातली स्कॉलरशिप व्हिसाचा दर्जा बदलल्यावर चालू राहते का? घरच्या राज्यात तिला आज इन-स्टेट फी, म्हणजे राज्यातल्या मुलांची कमी फी, मिळत असेल, तर एफ-१ झाल्यावर ती राहते का? राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, म्हणून दोन्ही विद्यापीठांच्या निवासी दर्जा ठरवणाऱ्या कार्यालयाला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. अमेरिकेच्या केंद्र सरकारची मदत तिला एच-४ वरही मिळत नाही आणि एफ-१ वरही नाही, त्यामुळे ती हिशेबातून आधीच वगळा.

वाढवून मागायचं का? मागा. सुटीची थैली असेल तर काही प्रमाणात हलते. दात्याची असेल तर हलत नाही, तिथे शब्द वाया घालवू नका. १ मे ही ठरवण्याची रूढ तारीख. एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काही मुलं नकार कळवतात आणि प्रवेश कार्यालयाच्या हातात थोडं काही मोकळं होतं. पत्र मुलीने स्वतः लिहावं, प्रवेश अधिकाऱ्याला, एका पानाच्या आत. दुसऱ्या, तोलामोलाच्या सरकारी विद्यापीठाची लेखी ऑफर असेल तर जोडावी. ‘मला तुमच्याकडेच यायचंय, फरक इतका आहे’ एवढंच म्हणावं. वडिलांनी डीनला फोन केल्याने रक्कम वाढलेली मी एकदाही पाहिली नाही.

रक्कम नाही म्हणाले तर वेगळं मागा, आणि हे फार थोडे लोक मागतात. ऑनर्सची फी माफ होईल का, पहिल्या उन्हाळ्यात संशोधनासाठी मानधन मिळेल का, परदेशी सत्रासाठी मदत आहे का. अशा छोट्या रकमा ऑनर्स कॉलेजच्या स्वतःच्या हातात असतात, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. आणि दुसऱ्या वर्षापासून विभागाच्या स्कॉलरशिप सुरू होतात. आधी म्हटलं तसं, त्यातल्या काही कुणीच मागत नाही म्हणून तशाच पडून राहतात.

एक गोष्ट तुमच्या पत्राशी संबंधित नाही, पण ती न सांगितल्याने एका कुटुंबाचं मोठं नुकसान झालेलं मी पाहिलंय. टेक्सासच्या कायद्यानुसार सरकारी विद्यापीठाने बाहेरच्या विद्यार्थ्याला, परदेशी विद्यार्थ्यालाही, स्पर्धेतून निदान १,००० डॉलरची स्कॉलरशिप दिली तर त्याला त्या वर्षी इन-स्टेट दराने फी लावता येते. अशा विद्यार्थ्यांची संख्या एकूण पटाच्या ५ टक्क्यांपर्यंतच ठेवता येते, म्हणून ती सगळ्यांना मिळत नाही. त्या घराने १,००० चं पत्र ‘एवढ्याशा पैशाला काय जायचं’ म्हणून बाजूला ठेवलं. खालच्या ओळीत फीची सवलत लिहिली होती, तिची किंमत त्या हजाराच्या कितीतरी पट होती.

घरचं ऑनर्स की बाहेरचं, यावर माझं मत विचारलंत म्हणून सांगते. पैशाचा हिशेब वर सांगितल्याप्रमाणे चार वर्षांचा मांडा. फरक थोडा असेल तर पुढचं बघा: प्रबंध सक्तीचा आहे का, आणि इंजिनिअरिंगचे किती प्राध्यापक ऑनर्सच्या मुलांना खरोखर घेतात. भेटीच्या दिवशी मुलीला तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या ऑनर्स विद्यार्थिनीशी एकटीला बोलू द्या, तुम्ही दोघं कॉफी घ्यायला जा. तिने एकच विचारावं: “तुझा प्रबंध कुणाकडे आहे आणि त्यांना शेवटचं कधी भेटलीस?” ‘गेल्या मंगळवारी’ असं उत्तर आलं तर ते ऑनर्स कॉलेज जिवंत आहे. ‘अजून ठरलं नाही’ असं तिसऱ्या वर्षाच्या एप्रिलमध्ये दोघी-तिघींकडून ऐकू आलं, तर तिथे ऑनर्स म्हणजे चांगली खोली आणि विषय लवकर निवडायची सोय, एवढंच उरलंय. त्याची किंमत मी फार धरणार नाही. न्यू जर्सीच्या रटगर्स या सरकारी विद्यापीठाचं ऑनर्स कॉलेज २०१५ मध्ये उघडलं. तुमचं घरचं पत्र तिथलं असो की आणखी कुठलं, हाच प्रश्न तिथेही विचारा. घराजवळ आहे म्हणून त्याला कमी लेखू नका.

भाच्याचं आता. परदेशी विद्यार्थ्यांना ऑनर्स कॉलेजं सर्रास घेतात आणि फीतली सूट पुष्कळ ठिकाणी त्यांनाही लागू असते. दात्यांच्या मोठ्या स्कॉलरशिपमध्ये मात्र नागरिकत्वाची अट बघावी लागते, आणि मॅकॉलीची मोफत फी न्यूयॉर्कच्या रहिवाशांसाठी आहे. सूट मिळाली की तेवढी रक्कम आय-२० साठी (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदासाठी) दाखवायच्या पैशातून वजा होते, म्हणून स्कॉलरशिपचं पत्र आल्याशिवाय बँकेची कागदपत्रं करायची घाई करू नका. स्कॉलरशिपचा जो भाग राहण्या-जेवणासाठी असतो तो करपात्र आहे आणि एफ-१ वाल्यांचा त्यावर १४ टक्के कर आधीच कापला जातो, हे पहिल्या सत्रात अचानक कळायला नको.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि निकाल मेमध्ये. इकडे ऑनर्स आणि स्कॉलरशिपचे अर्ज बरेचदा १ नोव्हेंबरला बंद होतात. म्हणजे त्याच्या फाईलमध्ये बारावीचा निकाल नसेलच. नववी, दहावी, अकरावीच्या गुणपत्रिका आणि शिक्षकांची शिफारसपत्रं यांवरच तो वाचला जाणार. आणि पुण्यातल्या मुलांचं घोडं इथेच अडतं. ज्युनिअर कॉलेजात नाव असतं, दिवस जातो क्लासमध्ये, आणि कॉलेजातल्या एकाही शिक्षकाला मुलगा चेहऱ्याने ओळखता येत नाही. मग ‘तो आज्ञाधारक आणि मेहनती आहे’ अशी तीन ओळींची शिफारस येते. पन्नास मुलांची सारखीच शिफारस वाचल्यावर समितीला त्यातून काहीच कळत नाही, आणि मराठी असूनही मी त्यात काही भर घालू शकत नाही.

त्याला सांगा, आत्ता अकरावी संपतेय तोवर फिजिक्सच्या नाहीतर गणिताच्या एका सरांकडे प्रॅक्टिकलनंतर थांबायला लाग. एखादा प्रयोग नीट पुन्हा कर, प्रश्न विचार, चुकलेली नोंद त्यांना दाखव. सहा महिन्यांत त्या सरांकडे लिहायला काहीतरी असेल. आणि पत्र दिवाळीच्या सुट्टीआधी मागून घ्यायचं, कारण सुट्टीत कॉलेज बंद असतं आणि १ नोव्हेंबर अनेकदा त्याच सुमारास येतो.